आई-बाबांचं विसरणं वाढलंय? घरच्या घरी मेमरीचा सराव कसा सुरू करायचा

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, ७४ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेत, कोथरूडला आमच्यासोबतच राहतात. पहिल्या पोस्टिंगच्या गावी खानावळीचा महिन्याचा दर किती होता ते त्यांना आजही आठवतं, पण सकाळी कोणाचा फोन येऊन गेला ते दुपारी सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा घरात सगळेच म्हणायचे की वय झालं की होतंच, मीही तेच म्हणत होते. मग एकदा ते मंडईत गेले, भाजी घेतली, पैसे दिले, पिशवी गाळ्यावरच राहिली आणि हे बसने घरी आले, आणि आईंनी भाजी कुठंय विचारलं तरी पाच मिनिटं त्यांना काही केल्या आठवेना की पिशवी कुठे ठेवली. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.

तेव्हापासून आम्ही जे जे केलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि कशात नुसता वेळ गेला, ते क्रमाने लिहितेय. आम्हाला सुरुवातीला ज्याने त्याने एवढंच सांगितलं होतं की त्यांना कोडी सोडवायला द्या. तेवढ्याने होत नाही.

आधी हे कोणासाठी आहे ते. डॉक्टर ज्याला एमसीआय म्हणतात, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, आपण सौम्य विस्मरण म्हणूया, त्यात माणूस वयाच्या मानाने जास्त विसरतो, टेस्टमध्येही ते दिसतं, पण अंघोळ, कपडे, पैशांचे व्यवहार, बाजारहाट, बसने येणं-जाणं ही रोजची कामं बहुतेक स्वतःची स्वतः करतो. डिमेन्शियात हीच कामं अडायला लागतात. एमसीआय असलेल्या प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असं नाही, काहींचं वाढत जातं, काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, आणि काहींची टेस्ट नंतर नॉर्मलसुद्धा येते. त्यामुळे घाबरून हातपाय गाळायचे नाहीत, पण चालायचंच म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

आणि एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. "आमच्या आईला अख्खी रामरक्षा तोंडपाठ आहे, तिची मेमरी कशी खराब असेल" हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं इतकं पक्कं झालेलं असतं की ते फार उशिरापर्यंत टिकतं. आधी बिघडतं ते नवीन काही साठवणं, म्हणजे काल काय ठरलं, आत्ता कोण आलं होतं, गोळी घेतली की नाही. रामरक्षा येते म्हणून सगळं ठीक असं समजलात तर आमच्यासारखे सहा-आठ महिने वाया घालवाल.

पहिली पायरी: सरावाच्या आधी डॉक्टर

ही पायरी गाळून थेट ॲप आणि कोडी सुरू करू नका, कारण विसरण्याची काही कारणं औषधाने बरी होणारी असतात. व्हिटॅमिन बी-१२ कमी असणं हे आपल्याकडे खूप दिसतं, शाकाहारी घरांत जास्तच, आणि डायबेटिससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ त्या गोळीनेही कमी होऊ शकतं. बाबांच्या बाबतीत दोन्ही होतं. त्यासोबत थायरॉइड, सोडियम, शुगर, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हर हे साधारण डॉक्टर बघतातच, गरज वाटली तर एमआरआय सांगतात. बी-१२ची इंजेक्शनं झाल्यावर बाबांच्या पायातल्या मुंग्या गेल्या, दिवसभर जो थकवा असायचा तो कमी झाला, बोलण्यातही जरा तरतरी आली. विसरणं मात्र पूर्ण गेलं नाही, म्हणून आम्हाला पुढच्या पायऱ्या लागल्या, पण काही घरांत इथेच बराच फरक पडतो.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून सोबत न्या, सगळ्या म्हणजे आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, मेडिकलमधून आपल्या आपण आणलेल्यासुद्धा. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या सुस्ती आणणाऱ्या गोळ्या, वारंवार लघवी होण्यावरच्या काही गोळ्या, यांनी म्हाताऱ्या माणसांचं डोकं जड होतं, विसरायला होतं. पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत हं, डॉक्टरांना दाखवायच्या आणि विचारायचं. रात्री घोरणं आणि घोरताना मध्येच श्वास अडकणं, मन उदास राहणं, कशातच रस न वाटणं, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू, हे सगळं न विचारता सांगा. डिप्रेशनमध्येही माणूस विसरायला लागतो आणि त्यावर उपचार आहेत, आपल्याकडे ते सांगायला लोक लाजतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हे फार महत्त्वाचं, विसरणं जर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक वाढलं, माणूस बरळायला लागला, दिवस-रात्र कळेना, तर त्याला वय झालं म्हणू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, स्ट्रोक, किंवा काही आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, यातलं काहीही असू शकतं.

डॉक्टर बहुतेक मोका नावाची टेस्ट घेतील. मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, २००५ साली आलेली, ३० मार्कांची, साधारण दहा मिनिटांची, घड्याळ काढायचं, पाच शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं असं असतं. २६ आणि वर नॉर्मल धरतात, शिक्षण बारा वर्षांपेक्षा जास्त नसेल तर एक मार्क वाढवून देतात. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, डॉक्टर बाकीचंही बघतात. ही टेस्ट नेटवरून काढून घरी तिची प्रॅक्टिस करून घेऊ नका, मार्क वाढतील आणि डॉक्टरांना खरं चित्र कधी दिसणारच नाही.

दुसरी पायरी: सरावाने काय होतं आणि काय होत नाही

अमेरिकेत ॲक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, ६५ च्या वरचे सुमारे २८०० लोक, २००२ मध्ये त्याचे पहिले निकाल आले. लोकांचे चार गट केले. एकाला लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकवल्या, एकाला तर्क लावण्याचा सराव, एकाला कॉम्प्युटरवर पटकन बघून ओळखण्याचा म्हणजे वेगाचा सराव, आणि चौथ्याला काहीच नाही. पाच-सहा आठवड्यांत दहा क्लास, प्रत्येक तास-सव्वा तासाचा. निकाल असा की ज्याने ज्याचा सराव केला त्यात तो सुधारला, पण तर्काचा सराव केला म्हणून मेमरी सुधारली असं झालं नाही. तर्क आणि वेग यांचा फायदा दहा वर्षांनीही थोडा दिसत होता, मेमरीच्या युक्त्यांचा तोपर्यंत विरला होता. आणि आपल्या कामाची गोष्ट ही की त्यातल्या ज्या लोकांची मेमरी मुळातच कमी होती त्यांना मेमरीच्या युक्त्यांचा उपयोग झाला नाही, तर्क आणि वेगाच्या सरावाचा मात्र इतरांइतकाच झाला.

हे वाचल्यावर मला कळलं की मी बाबांकडून मोबाईलवर रंगीत चौकोन लक्षात ठेवायचा गेम खेळून घेत होते तेव्हा नक्की काय होत होतं. ते त्या गेममध्ये चांगले झाले होते, लेव्हल वीसच्या पुढे गेले होते, आणि गोळी दोनदा घेतच होते. वर्षाचे पैसे भरले होते ॲपला. ॲप वाईट असतात असं मी म्हणत नाही, वेगाचा सराव स्क्रीनवरच होतो, पण "डिमेन्शिया टळेल" अशी जाहिरात बघून घेऊ नका. अमेरिकेत २०१६ मध्ये लुमोसिटी ॲपच्या कंपनीला असल्याच दाव्यांवरून सरकारी कारवाईत वीस लाख डॉलर भरावे लागले होते.

म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, जे अडतंय नेमकं त्याचाच सराव करा. गोळी विसरतात तर गोळीचा, नातसुनेचं नाव विसरतात तर त्या नावाचा.

तिसरी पायरी: आठवडाभर फक्त लिहा

एक वही घ्या आणि सात दिवस काहीही न सुधारता फक्त टिपा, काय विसरलं, किती वाजता, त्या वेळी काय चाललं होतं. आमच्या वहीत दिसलं की बाबांचं बहुतेक विसरणं संध्याकाळी पाचनंतरचं होतं, आणि टीव्ही चालू असताना सांगितलेलं तर जवळजवळ सगळंच जात होतं. म्हणजे त्यातलं काही विसरणं नव्हतंच, ते मुळात नीट ऐकलंच गेलं नव्हतं. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, एवढ्यानेच घरातली निम्मी भांडणं थांबली. वही त्यांच्यापासून लपवू नका, बाबा स्वतःच लिहायला लागले नंतर.

आठवडा झाला की त्यांच्यासोबत बसून दोन किंवा तीन गोष्टी निवडा, जास्त नाही. त्यांना ज्याचा त्रास होतो त्या, आपल्याला ज्याचा होतो त्या नाहीत. मला वाटत होतं गोळ्यांपासून सुरू करावं, बाबा म्हणाले मला आधी नव्या नातसुनेचं नाव पाहिजे (माझ्या दिरांच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं), चारचौघांत तिला "अगं" म्हणून वेळ मारून न्यावी लागते. मग नावापासूनच सुरू केलं.

चौथी पायरी: वाढत्या गॅपची उजळणी

यावर सगळ्यात जास्त लिहिते कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. याला स्पेस्ड रिट्रीव्हल म्हणतात. तत्त्व साधं आहे, परत परत वाचून किंवा ऐकून जेवढं पक्कं होतं त्यापेक्षा स्वतः आठवून काढल्याने जास्त पक्कं होतं, आणि दर वेळी आठवण्यातली गॅप थोडी वाढवली की आणखी पक्कं होतं. डिमेन्शिया झालेल्यांनासुद्धा छोट्या छोट्या गोष्टी या पद्धतीने शिकवता आल्यात.

कसं करायचं ते गोळीच्या उदाहरणाने सांगते. बाबांना प्रश्न पडायचा की सकाळची गोळी घेतली का, आणि आठवत नाही म्हणून परत घ्यायचे. आम्ही सात कप्प्यांची डबी आणली, वार लिहिलेली. मग एकच प्रश्न आणि एकच उत्तर ठरवलं.

"बाबा, गोळी घेतली का नाही असं वाटलं तर काय करायचं?"

"डबीतला आजचा कप्पा बघायचा."

नुसतं म्हणायचं नाही, उठून डबी उघडून कप्पा बघायचा. हात हलला की जास्त लक्षात राहतं. आधी मी उत्तर सांगितलं, त्यांनी लगेच म्हटलं आणि केलं. मग अर्ध्या मिनिटाने परत विचारलं, मग एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ, पंधरा मिनिटांनी. मधल्या वेळात गप्प बसून राहायचं नाही, शेंगा सोला, गप्पा मारा, चहा करा, पण त्या उत्तराबद्दल बोलायचं नाही.

चुकलं किंवा अडलं तर "आठवा बघू, प्रयत्न करा, ड वरून आहे" असं काहीही करायचं नाही. सरळ उत्तर सांगायचं, त्यांना लगेच एकदा म्हणायला आणि करायला लावायचं, आणि गॅप मागे न्यायची, शेवटची जी बरोबर आली होती तिथे. म्हणजे आठ मिनिटांवर अडलं तर परत चारवर. याचं कारण असं की मेमरी कच्ची असते तेव्हा अंदाजाने बोललेलं चुकीचं उत्तरच डोक्यात बसतं, आणि मग ते काढणं नवीन शिकवण्यापेक्षा अवघड जातं. मला हे जमायला वेळ लागला, कारण आपल्याला शाळेत सवयच लागलेली असते की हिंट द्यायची, ताणून धरायचं.

एका बैठकीला अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न बरोबर आला की त्या दिवशी गॅप आणखी मोठी, दोन-तीन दिवस लागोपाठ पहिल्याच प्रश्नाला बरोबर आलं की ती गोष्ट बसली असं धरायचं आणि पुढची घ्यायची. बसलेली गोष्टही आठ-पंधरा दिवसांनी एकदा विचारायची. डबीची सवय व्हायला आम्हाला साधारण तीन आठवडे लागले. एक प्रश्न बसल्याशिवाय दुसरा घेऊ नका.

कोणते प्रश्न निवडायचे? घराबाहेर पडताना काय काय तपासायचं (चष्मा, मोबाईल, किल्ली, पाकीट), आज काय काय आहे हे कुठे बघायचं (फ्रिजवरचा फळा), बस चुकली किंवा गोंधळ झाला तर कोणाला फोन करायचा. उत्तर छोटं पाहिजे, आणि कायम तेच शब्द. घरात सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे, नाहीतर मी "कप्पा" म्हणते, मुलगा "खण" म्हणतो आणि बाबा गोंधळतात.

नावांनाही हेच, फक्त जोडीला फोटो ठेवायचा आणि नावाला काहीतरी चित्र जोडायचं. समजा नाव सागर आहे तर तो माणूस समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभा आहे असं डोळ्यापुढे आणायचं. चित्र त्यांनी स्वतः शोधलेलं असेल तर चांगलं, आपण सुचवलेलं तितकं टिकत नाही.

पाचवी पायरी: मानाच्या गणपतींवरून यादी

जागांना गोष्टी चिकटवून लक्षात ठेवायची युक्ती फार जुनी आहे, आणि जुन्या पुणेकरांकडे त्यासाठी तयार जागा आहेतच. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. मानाच्या पाच गणपतींचा हा क्रम बाबांना झोपेतून उठवून विचारला तरी चुकत नाही. मग पाच वस्तू आणायच्या असतील तर एकेका गणपतीपाशी एकेक ठेवायची, कसब्याला कोथिंबिरीच्या जुड्यांचं तोरण, जोगेश्वरीच्या पायरीवर दुधाची पिशवी फुटलीये, गुरुजी तालमीत पैलवान साबणाने अंग घासतोय, असं. जितकं ठसठशीत तितकं चांगलं.

पण आधी लिहिलंय तसं, मेमरी कमी झालेल्या सगळ्यांना हे जमत नाही. बाबांना पाचपैकी तीन-चार आठवतात, माझ्या मैत्रिणीच्या आईला अजिबात जमलं नाही, उलट कोथिंबीर राहून गेली म्हणून वाईट वाटत बसल्या. दोन-तीन वेळा करून बघा, मजा येत नसेल तर सोडून द्या. बाजाराला जाताना चिठ्ठी न्यायचीच.

सहावी पायरी: डोकं चालवणं, पण नवीन काहीतरी

तीस वर्षं रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणाऱ्याला आणखी एक शब्दकोडं दिलं तर तो ते आनंदाने सोडवेल, त्यात वाईट काही नाही, पण सराव असा तो नाही, ती सवय आहे. जरा अडेल असं पाहिजे, फार अडेल असं नको. माझा अंदाज, दहापैकी सात-आठ जमले पाहिजेत.

बाबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे पाठ आहेत. ते नुसते म्हणून घेणं म्हणजे रामरक्षेसारखंच. ते वापरायला लावा. ८० रुपये किलोची सव्वा किलो काकडी आणि १२० ची पाऊण किलो भेंडी, किती झाले, आणि पाचशेची नोट दिली तर परत किती? (१०० आणि ९०, परत ३१०.) आकडे मनात धरून पुढचं गणित करायचं, यातच खरी मेहनत आहे. आम्ही हे भाजी निवडताना करतो, पाटी-पेन्सिल घेऊन समोर बसवून नाही.

पत्ते उत्तम. बदाम सात, मेंढीकोट, ज्यांना येतो त्यांना ब्रिज. कोणतं पान गेलं, कोणाकडे काय असेल, लक्ष, तर्क आणि आठवण तिन्ही लागतात, आणि चार माणसं लागतात हे सगळ्यात चांगलं. भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, एका मिनिटात पालेभाज्या सांगा, बालगंधर्वपासून डेक्कनपर्यंत वाटेत काय काय लागतं सांगा, हे सगळं चालतं. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी करा, पुण्यात बऱ्याच भागांत आहेत. बाबा आधी जायला तयार नव्हते, नावं आठवणार नाहीत म्हणून, मग मी त्यांना म्हटलं की पहिल्याच दिवशी सांगून टाका, माझ्या नावं लक्षात राहत नाहीत, परत विचारलं तर रागावू नका. तिथे अर्ध्या लोकांनी "आमचंही तेच" म्हटलं.

चालता चालता गप्पा किंवा उलटे आकडे, हा पण एक सराव आहे, पण तोल चांगला असेल तरच आणि बागेतल्या सपाट वाटेवर. आम्ही कमला नेहरू पार्कला करतो. रस्त्यावर, जिन्यावर अजिबात नाही.

सातवी पायरी: फळा, डायरी, खुंटी

बऱ्याच जणांना वाटतं की लिहून ठेवलं तर मेमरी आणखी मंद होईल. तसं काही नाही, मोकळ्या मनाने वापरा. किल्लीला एक खुंटी, चष्म्याला एक वाटी, फळ्यावर आजचा वार, तारीख आणि आजची तीन कामं. डायरी मात्र नुसती आणून दिली की वापरली जात नाही, ती वापरायला शिकवावी लागते, आणि ते शिकवायचं चौथ्या पायरीच्या पद्धतीने. आधी डायरीत कुठे काय आहे, मग ठरलेल्या वेळी उघडायची (आमच्याकडे सकाळच्या चहाला, जेवणानंतर आणि रात्री बातम्यांच्या आधी), मग बाहेर नेऊन वापरायची. सहा-आठ आठवडे धरा.

जाता जाता, पैशांची सोयही आत्ताच करून घ्या, त्यांना समजतंय आणि ते स्वतः ठरवू शकतात तोवर. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, ओटीपी फोनवर कोणालाही सांगायचा नाही हा एक प्रश्न उजळणीत घ्याच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन.

बाकीचं, ज्याशिवाय सराव लंगडा पडतो

फिनलंडमध्ये फिंगर नावाचा अभ्यास झाला, ६० ते ७७ वयाचे १२६० लोक, दोन वर्षं. त्यांनी नुसता मेंदूचा सराव नाही दिला, सोबत व्यायाम, खाणं आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर लक्ष, असं सगळं एकत्र केलं आणि २०१५ मध्ये निकाल आला की त्यांच्या टेस्टमधली सुधारणा, हे सगळं न दिलेल्या दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. त्यामुळे बीपीची गोळी चुकवायची आणि सुडोकू सोडवायचं याला अर्थ नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, जमेल तसं वाढवत, आणि तोल सांभाळायचे व्यायाम.

कान. हे खूप जण टाळतात, मशीन लावलं की म्हातारं दिसतं म्हणून. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. सगळे मिळून बघितले तर कानाच्या मशीनने फार फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात विस्मरण वाढण्याचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. आणि अभ्यास बाजूला ठेवला तरी जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार?

मेमरीच्या गोळ्या आणि टॉनिकं यावर पैसे घालायच्या आधी डॉक्टरांना विचारा. जिंको या झाडाच्या पानांचा अर्क मेमरीसाठी विकतात, त्यावर तीन हजारांवर वृद्धांचा अभ्यास झालाय, २००८ चा, त्याने डिमेन्शिया टळला नाही.

परीक्षा घेऊ नका

हे पायऱ्यांमध्ये बसत नाही पण यावरून आमचा सगळा सराव दोन महिने बंद पडला होता. गणपतीत पाहुणे आले होते, मी कौतुकाने सगळ्यांसमोर बाबांना म्हटलं, सांगा बघू यांचं नाव काय. बाबांना आठवलं नाही. ते काही बोलले नाहीत, आरतीला उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून वहीला हात लावला नाही. आईंनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, त्यांनी आयुष्यभर माणसांना नावाने हाक मारली बँकेत, त्यांना असं उभं करू नकोस." मी माफी मागितली. आता कोणी पाहुणा दारात आला की मीच आधी म्हणते, "बाबा, सागरकाका आलेत हं", आणि त्यांना नाव आयतं मिळतं.

"सांगितलं होतं ना", "परत विसरलात", "आत्ताच तर बोललो" हे तीन शब्दप्रयोग आमच्या घरात बंद आहेत. दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगायचं. नेहमी जमत नाही, मलाही जमत नाही, तेव्हा उठून गॅलरीत जाते. ज्या दिवशी ते म्हणतात आज नको, त्या दिवशी नको. आईंनाही सगळ्यातून एक दिवस सुट्टी पाहिजे, रविवारी आम्ही काहीच करत नाही.

परत डॉक्टरांकडे कधी

सहा महिन्यांनी, काही नसलं तरी. त्याआधी लगेच, जर ओळखीच्या रस्त्यावर चुकले, गॅस चालू राहायला लागला, पैशाचे व्यवहार समजेनासे झाले, गाडी चालवताना गोंधळ झाला किंवा स्वभाव एकदम बदलला, संशय घ्यायला लागले, तर. जाताना वही न्या, मोघम "जास्त विसरतात" पेक्षा वहीतली चार पानं डॉक्टरांना जास्त सांगतात. अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची घ्या, रात्री झोप झालेली असू दे, पोटात काहीतरी असू दे, आणि चष्मा व कानाचं मशीन घालूनच न्या. आम्ही पहिल्या वेळी संध्याकाळी सहाला गेलो होतो, चष्मा घरी राहिला होता, आणि घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा बाबांना कागदावरची रेघच नीट दिसत नव्हती. दुसऱ्या वेळी सकाळी दहाला, चष्म्यासकट गेलो, आणि घड्याळाचे दोन्ही काटे बरोबर जागी आले.